भावोजींची पत्रिका

लग्नं जमवायची मला भारी हौस. आता हौस म्हणते, तेव्हा मला ते कामच वाटायचं. आमच्या यांच्या कंपनीची एक जुनी डायरी होती, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात मी पट्टी धरून रकाने आखले होते. नाव, गोत्र, शिक्षण, उंची, अपेक्षा, आणि सगळ्यात शेवटी 'जमलं'. लग्न ठरलं की त्या शेवटच्या रकान्यात मी कुंकवाचं बोट टेकवायची. सौदीत, दम्माममध्ये बसून नाशिक-पुण्याच्या मुली आणि तेलाच्या कारखान्यांतली मुलं मी पत्रांतून जोडत होते. कुवेतची लढाई सुरू झाली तोवर सात बोटं उमटली होती. माझी शाळा सातवीपर्यंत, पण त्या वहीत माझी चूक काढणारा कुणी भेटला नव्हता.

त्याच वहीत एक पान आमच्या शेजारच्या इंग्रजाचं आहे. त्याचीच ही गोष्ट.

आमची कॉलनी कंपनीची. बाहेर भिंत, आत एकसारखी बैठी घरं, मध्ये कपडे वाळत घालायला सामाईक तारा. आमच्या शेजारच्या घरात हा राहायचा, एकटाच. यांच्याच खात्यात इंजिनियर होता. चाळिशीच्या आसपास, उंच, कान सदा लाल, आणि घरात शिरताना न सांगता बूट काढायचा. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा मला मिसेस अमुक म्हणून हाक मारायला लागला. मी यांना म्हटलं, त्यांना सांगा, नवऱ्याच्या मित्राची बायको म्हणजे वहिनी, आणि तो तिचा भावोजी. यांनी सांगितलं. त्या दिवसापासून तो मला 'वैनी' म्हणायला लागला, तो शेवटपर्यंत. आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिला मी त्याला काका म्हणायला शिकवलं, पण बाकी सगळं ती त्याच्याशी इंग्रजीतच बोलायची. माझं इंग्रजी डब्यांवरची लेबलं वाचून आणि लंडनचा रेडिओ ऐकून आलेलं. मी अडले की मुलगी पुढचा शब्द पुरवायची, तोही कंटाळून.

रोज दुपारी त्याचा डबा माझ्याकडून जायचा. पोळी-भाजी, वरण-भात, जे असेल ते. पहिल्यांदा त्यानं पैशाची गोष्ट काढली, तेव्हा हे त्याच्यावर असे काही रागावले की परत काढली नाही. मग शुक्रवारी तो यायचा, भांडी घासून द्यायचा आणि गप्पा मारत बसायचा.

गप्पा कसल्या, तर निवडणुकीच्या. हा माणूस इंजिनियर पोटासाठी झालेला, जीव सगळा राजकारणात. त्याचं गाव समुद्राकाठचं, मासेमारीचं, धंदा बसलेला. तिथं नगरपालिकेला तो एकदा उभा राहिला होता. मला वाटायचं, विलायतेत निवडणूक म्हणजे मोठमोठी भाषणं. तसं काही नाही म्हणाला. दारोदार फिरायचं, पावसात, कुत्री अंगावर घेत. त्याच्याकडे एक छोटी वही होती, ती त्यानं मला दाखवली. घर नंबर अमुक, म्हातारी एकटी, जिन्याला दिवा नाही. घर नंबर तमुक, मुलाला शाळेची बस लांब. गल्लीतल्या प्रत्येक दाराची एक ओळ. मी माझी निळी वही काढून त्याच्या वहीशेजारी ठेवली. हे हसून म्हणाले, "जमलं. दोघंही लोकांच्या घरात नाक खुपसणारे."

त्या निवडणुकीत तो पडला. का, ते त्यानं सांगितलं नाही. लोकांनी माझ्याबद्दल काहीबाही पसरवलं, एवढंच म्हणाला, आणि बशी पुसत राहिला. पुसून झालेलीच बशी.

इराकनं कुवेत घेतलं आणि त्याच महिन्यात गणपती आले. आता आमच्याकडे गणपती म्हणजे काय, ते सांगते. तिथं आपला देव उघड मांडायची सोय नाही. पकडलं तर इकामा, म्हणजे राहायचा परवाना, रद्द, घरी रवानगी, ह्यांची नोकरी गेली. म्हणून आमचा देव स्टोअरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, टॉवेलांच्या मागे. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा मी विमानतळावरून मोज्यात गुंडाळून आणलेली, कारकुनानं बॅग चाचपली, पण मोजा उलगडला नाही. बाहेरच्या दाराची कडी लावल्याशिवाय दिवा नाही. आरती तोंडातल्या तोंडात, टाळ्या वाजवायच्या त्या बोटांनी. मुलीला बजावलेलं, शाळेत बोलायचं नाही. ती इतकी तयार झाली होती की मराठी मैत्रिणीलाही सांगायची, आमच्या घरी गॉड नाही.

थंडीत कंपनीनं मास्क वाटले. आधी फक्त कामगारांना, मग आरडाओरडा झाल्यावर बायका-मुलांना. त्याबरोबर प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टीची भली मोठी गुंडाळी. घरातली एक खोली बंद करा, फटी चिकटवा, दाराशी ओला टॉवेल लावा, म्हणजे विषारी वायू आत येणार नाही. कॉलनीतल्या अर्ध्या बायका मुलांना घेऊन भारतात गेल्या. ह्यांना रजा नव्हती, कारखाना बंद ठेवता येत नाही म्हणे, आणि यांना एकटं टाकून मी जाईना. हे म्हणाले, वेडी आहेस. मी म्हटलं, लग्नाच्या वेळी बघून घ्यायचं होतं.

बिनखिडकीची खोली आमच्याकडे एकच, ती स्टोअरची. हे शिफ्टला होते, म्हणून पट्ट्या चिकटवायला भावोजी आला. मी स्वयंपाकघरात. टॉवेल कुठं आहे म्हणून त्यानं मुलीला विचारलं, आणि एवढी पढवलेली आमची पोरगी, तिनं सरळ कपाट उघडलं. मी हात पुसत आले तेव्हा कपाट सताड उघडं, टॉवेल तिच्या हातात, आणि बाळकृष्ण रांगत त्याच्याकडे बघतोय.

हा बूट घालून होता, कारण खोलीत पाणी सांडलेलं. त्यानं आधी बूट काढले. बाजूला नीट ठेवले. मग टॉवेल घेतला, कपाटाचं दार स्वतः लावलं आणि वरच्या झरोक्याला पट्टी लावायला स्टुलावर चढला. पट्टी लावता लावता म्हणाला, "वैनी, खोली बंद झाल्यावर दिवा लावू नका. हवा संपेल. लढाई उरकेपर्यंत देवाला टॉर्च दाखवा."

एवढंच. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही, ना ह्यांच्याकडे, ना कुणाकडे.

त्याच सुमाराला त्याला गावाहून पत्र आलं. त्याच्या पक्षाची माणसं विचारत होती, वसंतात परत निवडणूक आहे, उभा राहतोस का. मार्चच्या पहिल्या तारखेपर्यंत फोन कर, नाहीतर दुसरा माणूस बघतो. पत्र तो खिशात घेऊन फिरायचा. शुक्रवारी भांडी घासताना खिसा ओला व्हायचा, मग ते काढून वाळत ठेवायचा. जावंसं तर त्याला इतकं वाटत होतं की डोळ्यांत दिसायचं. मग अडतंय कुठं?

ते मला कळलं, असं मला वाटलं. माझा तो स्वभाव. मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही पडला त्याचं कारण मी सांगते. तुमचं लग्न झालेलं नाही. एकट्या पुरुषाला कोण मत देईल? आमच्याकडे सरपंचसुद्धा आरतीला जोडीनं उभा राहतो."

त्यावर तो माझ्याकडे बघून हसला, पण ते हसू वरवरचं होतं. म्हणाला, पत्रात त्यांनीही तेच लिहिलंय. पत्रकावरच्या फोटोत बहिणीची मुलं जवळ घेऊन उभा राहा म्हणून.

झालं. मला तर मामला सोपाच झाला. मी त्याची जन्मवेळ विचारली. त्याला वाटलं, वाढदिवसाला गोड करणार असेल. त्यानं तारीख सांगितली, आईनं सांगितलेली वेळ सांगितली, गावाचं नाव नकाशावर दाखवलं. मी ते सगळं नाशिकला आमच्या गुरुजींना पाठवून दिलं. आधी पत्रिका, मग मुलगी, असा माझा क्रम. वहीत त्याचं पान केलं. गोत्राचा रकाना रिकामा कसा ठेवायचा? ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, असं आपल्यात असतं. म्हणून काश्यप लिहिलं. उंची सहा फूट एक. अपेक्षा: निवडणुकीला साथ देणारी.

जानेवारीत लढाई पेटली. भोंगे व्हायला लागले. भोंगा झाला की गॅस बंद, मुलीला उचल, मास्क ओढ, स्टोअरमध्ये शीर, दाराशी टॉवेल दाब. हे शिफ्टला असले की ह्यांनीच सांगून ठेवल्याप्रमाणे भावोजी धावत यायचा. एवढ्याशा खोलीत तांदळाचं पोतं, लोणच्याची बरणी, कपाट आणि आम्ही. मास्क लावलेली ती दोघं मला हत्तींसारखी दिसायची. मुलगी पहिल्यांदा रडली, मग तिला सवय झाली. त्या पोत्यावर डोकं टेकून ती भोंगा चालू असतानाच झोपायची.

नाशिकचं उत्तर यायला पाच आठवडे लागले. ते हातात पडलं त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमाराला भोंगा झाला. मी चहा ठेवत होते. पाकीट ब्लाउजमध्ये खोचलं आणि पळाले. भावोजी आला. नंतर कळलं की तो भोंगा खोटाच होता, काही आलं नाही, गेलं नाही. पण सुटका झाल्याची खूण यायला तासभर लागला. मुलगी झोपली. रेडिओवर सांगितलं, धोका कमी वाटतो, पण बाहेर पडू नका. आम्ही मास्क कपाळावर सरकवले. मला राहवेना. मी पाकीट फोडलं, टॉर्च धरली आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत त्याला वाचून दाखवायला लागले. गुरुजींनी झोकात लिहिलं होतं. मुलाला मंगळ सौम्य आहे. येत्या दिवाळीच्या आत विवाह निश्चित. पत्नी गोरी, सुशील, घरकामात दक्ष. दोन पुत्र.

आधी तो हसला. पोतं हलेपर्यंत हसला, मुलगी जागी होईल म्हणून तोंडावर हात दाबून. मग हात तसाच राहिला आणि मला दिसलं की तो हसत नाहीये.

म्हणाला, "वैनी, माझं माणूस आहे. बारा वर्षांपासून. तो पुरुष आहे, आमच्या गावच्या शाळेत शिकवतो. लोकांनी तेच पसरवलं होतं. आणि ते खरं होतं."

आता मी काही मोठेपणा सांगणार नाही. मला पहिल्यांदा काय सुचलं असेल? तो रोज माझ्या डब्यातून जेवतो, हे सुचलं. मग मुलगी किती जवळ झोपलीय, ते सुचलं. चांगल्या माणसाबद्दल असं सुचावं, याची लाज त्या वेळी वाटली नाही, नंतर वाटली. सुटकेची खूण झाली. त्यानं टॉवेल उचलला, पिळून दोरीवर टाकला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याचा डबा केला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हे म्हणाले, "काय गं, भावोजींचा उपास आहे का?" मी म्हटलं, भाजी नव्हती. चौथ्या दिवशी म्हणाले, "आज तर भाजी आहे." ह्यांना सांगू तरी काय? त्या देशात ही गोष्ट एका कानाची दुसऱ्या कानाला कळली असती, तर त्याला नुसतं घरी पाठवलं नसतं, त्याच्या जिवावर बेतलं असतं. एवढं मलाही कळत होतं. आणि त्याला कळत नव्हतं असं थोडंच होतं.

त्या चार दिवसांत भोंगा झाला तेव्हा तो आला, पण आत नाही. बाहेरून दार ओढून घेतलं, टॉवेल दाबला आहे ना विचारलं, आणि आपल्या घरी पळाला. त्याच्या घराला एकही बिनखिडकीची खोली नव्हती, हे मला माहीत होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी कडी लावली आणि देवापुढं दिवा लावायला कपाट उघडलं. टॉवेल बाजूला केले. आणि मला त्याचे ते बूट आठवले. शेजारी शेजारी, टाचा भिंतीला लावून ठेवलेले. ह्या माणसाच्या हातात आमचं सगळं होतं, नोकरी, घर, मुलीची शाळा, आणि त्यानं त्याचं काय केलं? दार लावलं, पट्टी मारली आणि चेष्टा केली की देवाला टॉर्च दाखवा. मग त्यानं आपलं सगळं माझ्या हातात दिलं, तर मी काय केलं? डबा बंद केला. बाई, म्हटलं, तुला कपाटातला देव चालतो, आणि दुसऱ्यानं काही लपवलं तर तुझ्या पोळीला विटाळ होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळीच थालीपीठं लावली. वर लोण्याचा गोळा, बाजूला लसणाची चटणी, त्याला आवडते ती. एव्हाना कुवेतच्या तेलविहिरी पेटलेल्या. आमच्यापर्यंत धूर यायचा. भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं दिसायचं आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे तेलकट ठिपके पडायचे. मी डबा घेऊन निघाले तर तो तारेवरून स्वतःचे शर्ट काढत होता, ठिपक्या-ठिपक्यांचे. मुलगी माझ्याबरोबर होती. मी डबा पुढं केला. त्यानं घेतला, पण उघडला नाही.

मी विचारलं, गावाला फोन केला का. नाही म्हणाला. दोन दिवस उरलेत. जायचं तर खुरूज घ्यावा लागेल, म्हणजे कायमचं बाहेर पडायचा शिक्का, नोकरी संपली. आणि तिकडे जाऊन करायचं काय, बहिणीच्या मुलांना कडेवर घेऊन फोटो काढायचा? मग मी परदेशात आलो कशाला होतो? तसलंच जगायचं तर इथं पगार तरी आहे. तसं नाही करायचं, खरं छापायचं, तर मागच्यापेक्षा वाईट पडेन, आणि ह्या वेळी शाळेतल्या त्या मास्तरांची नोकरीही जाईल.

मग त्यानं मला विचारलं. शर्ट हातात तसाच.

"वैनी, तुम्ही तिथं असता, तर मला मत दिलं असतं?"

मला एकदम माझं माहेरचं गाव आठवलं. तिथं पंचायतीचा एक सभासद होता, दारू प्यायचा, बायकोशी भांडायचा, पण आमच्या आळीत नळ त्यानं आणला. त्याच्याआधी एक भला माणूस होता, कपाळाला गंध, तोंडात देव. दर वेळी म्हणायचा, पुढच्या महिन्यात नळ. आमच्या आईचे खांदे हंडे वाहून वाकले. मी ते त्याला सांगितलं, जमेल तसं, मुलीनं मधले शब्द घातले. तिला वाटलं आई नळाची गोष्ट सांगतेय, आणि नळाचीच तर होती.

म्हटलं, "तुम्ही जिन्यावर दिवा लावणार असाल, तर देईन. पण फोटोत खोटी मुलं दिसली, तर मी म्हणेन, ह्याचा दिवाही खोटाच असणार."

त्यानं शर्ट खांद्यावर टाकला. मग डब्याचं झाकण काढलं, तिथंच, तारेखाली उभ्या उभ्या, आणि थालीपीठाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. वरून काजळी पडत होती. मी म्हटलं, झाका, ठिपके पडतील. तो म्हणाला, पडू देत.

त्या दिवशी त्यानं ऑफिसातून फोन लावला.

लढाई संपली आणि पंधरा दिवसांत त्याचा खुरूज झाला. ह्यांना काही कळलं नाही की एवढी चांगली नोकरी हा का सोडतोय. हे म्हणाले, निवडणुकीचं वेड. मी म्हटलं, हो, वेडच. ह्यांना मी खरं सांगितलं ते कितीतरी वर्षांनी, आम्ही कायमचे नाशिकला परतल्यावर. ऐकून ह्यांनी पेपर मिटला, मग म्हणाले, "आणि तू त्याला मंगळ काढून दिलास." दुसरं काही नाही. पण पुढच्या दिवाळीला त्याला कार्ड पाठवलं ते ह्यांनी, दोघांच्या नावानं, त्याच्या आणि त्या मास्तरांच्या.

जाताना चिकटपट्टीची उरलेली अर्धी गुंडाळी तो मला देऊन गेला. लोणच्याची पार्सलं मी कितीतरी दिवस त्याच पट्टीनं बांधली.

पत्र त्यानं दम्मामला पाठवलं नाही. हुशार. ते माझ्या माहेरच्या पत्त्यावर आलं, सुट्टीत गेले तेव्हा हातात पडलं. आत त्याचं पत्रक होतं, साध्या कागदावर. फोटोत हा, आणि शेजारी एक बुटका, चष्मेवाला माणूस, दोघंही थंडीनं आखडलेले. मुलगी मला वाचून दाखवत होती. पहिल्या ओळीत तो कोण, कुणाबरोबर राहतो, सरळ लिहिलेलं. खाली लगेच, अमुक रस्त्याच्या जिन्यावरचे दिवे, तमुक बसचा थांबा. मुलीनं वाचता वाचता वर बघितलं आणि म्हणाली, आई, काकांचे फ्रेंड पण आहेत फोटोत. मी म्हटलं, हो गं, त्यांचं माणूस. ती पुढं वाचायला लागली. पोरांना एवढंच पुरतं.

पत्रकाच्या मागं त्यानं पेनानं लिहिलेलं. थोडक्यात पडलो. पण दारावर कुणी कुजबुजलं नाही, जे बोलायचं ते तोंडावर बोलले, आणि तोंडावर बोललेल्याला उत्तर देता येतं. मास्तरांची नोकरी शाबूत आहे. एका म्हातारीनं दार उघडून माझ्या तोंडावर आपटलं आणि पाचच मिनिटांनी परत उघडून विचारलं, जिन्याच्या दिव्याचं तेवढं खरं का?

पुढच्या खेपेला तो निवडून आला. मग कितीतरी वर्षं त्या गावाची गटारं, बस, शाळेची छपरं हेच त्याचं राजकारण. त्यानंतर एकदा नुसतं एका ओळीचं कार्ड आलं, की गावानं आता पार्लमेंटात पाठवलंय, वैनी, इथंही नळच आहेत, फक्त पाइप लांब आहेत.

आमची मुलगी लग्न करून विलायतेतच राहिली. तिचं तिनं जमवलं, माझ्या वहीला हात न लावता. दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेले तेव्हा म्हटलं, मला काकांना भेटायचंय. ती म्हणाली, फोन करू. मी म्हटलं, नको, लोक भेटायला जातात तसं जाऊ. दर शनिवारी सकाळी तो गावातल्या वाचनालयात बसतो आणि कुणीही जाऊन आपलं गाऱ्हाणं सांगावं, अशी तिकडे रीत आहे. रेल्वेनं चार तास लागले. डब्यात थालीपीठं, चटणी.

वाचनालयात खुर्च्या मांडलेल्या, आठ-दहा माणसं. दाराशी एक बुटके म्हातारे गृहस्थ कागदावर नावं लिहून घेत होते, चष्मा तसाच, केस तेवढे गेलेले. माझं नाव विचारलं. मी म्हटलं, वैनी. त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाले, नळवाल्या?

मी मान हलवली. त्यांनी मला पुढं घालायचा प्रयत्न केला, मी ऐकलं नाही. माझ्या आधी एक बाई होती, तिच्या छतातून पाणी गळत होतं, ती लांबून आली होती. मी माझ्या नंबरावर बसले. काचेतून तो दिसत होता. पांढरा झालाय, पण कान लालच. पुढ्यात वही उघडी, आणि त्या बाईचं तो लिहून घेत होता, ओळीनं.

माझा नंबर आला. तो उठला, आणि सगळ्या लोकांसमोर, जोरात, "वैनी" म्हणाला. इतक्या वर्षांत 'वहिनी'तला 'हि' काही सुधारलेला नाही. मग बराच वेळ आम्ही दोघं नुसते हात धरून बसलो. बाहेर लोक खोळंबले होते, म्हणून मीच म्हटलं, माझं गाऱ्हाणं घ्या आधी. काय, म्हणाला. म्हटलं, तुमच्या लग्नाला बोलावलं नाहीत.

तर त्यानं लाजून सांगितलं की कायद्यानं करता यायला लागलं, त्याच वर्षी केलं, ह्याच वाचनालयाच्या पलीकडे, कचेरीत. आठ माणसं होती. पाऊस होता. मी मास्तरांना आत बोलावून त्यांची जन्मतारीख विचारली. दोघं हसायला लागले, पण मी ती लिहून घेतली.

नाशिकला आल्यावर निळी डायरी काढली. काश्यपवालं पान सापडलं. समोर मास्तरांचं नाव लिहिलं. अपेक्षेच्या रकान्यात माझ्याच हातचं होतं, निवडणुकीला साथ देणारी. त्यातलं शेवटचं अक्षर तेवढं बदललं. मग करंडा उघडला आणि 'जमलं'च्या रकान्यात बोट टेकवलं. हे शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "हे तू कुठं जमवलंस? हे तर आधीच जमलेलं होतं."

म्हटलं, असू दे. वहीत असायला हवं.